मागील बाकी

डिसेंबर लागला की आमच्या स्टेशनरीच्या दुकानात नव्या सालाच्या डायऱ्या येतात, आणि त्या चाळता चाळता कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, तुम्ही वर्षाचं ठरवता ते तडीस कसं नेता?" साताऱ्यातल्या आमच्या पेठेत बऱ्याच जणांना ठाऊक आहे की मी असं काही लिहून ठेवते. गल्ल्यावर गिऱ्हाईक उभं असताना धड उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सवडीने लिहिते.

माझं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतं. दुकानाचे सरकारी हिशेब आता ३१ मार्चला बंद होतात, पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लक्ष्मीपूजनाचं वहीपूजन कधी सोडलं नाही आणि मीही सोडलेलं नाही. लाल कापडाची चोपडी पाटावर ठेवायची, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, वर 'श्री', दोन बाजूंना 'शुभ' आणि 'लाभ'. लहानपणी मला त्या कोऱ्या कागदाच्या वासाचं फार अप्रूप होतं. आणि पाडव्याला अण्णा त्यात पहिल्यांदा काय लिहायचे, तर मागील बाकी. जुन्या वहीतलं ज्याचं त्याचं येणं, नाव आणि रक्कम, एकेक करून नव्या वहीत ओढायचे. घाई करायचे नाहीत. प्रत्येक नावापाशी थांबून आठवायचे, याने शेवटचे पैसे कधी दिले होते.

अण्णा गेले त्या वर्षीपासून मी चोपडीची शेवटची चार पानं स्वतःसाठी ठेवते. वर्षभराचं ठरवलेलं तिथे लिहिते आणि रोज रात्री गल्ला मोजून झाला की त्या दिवशीची खूण करते. खूण करायला अर्धा मिनिट लागत नाही. पण पाडव्याला ती पानं उघडली की आपल्याला जे आठवतं त्यात आणि जे घडलं त्यात किती अंतर आहे, ते समोर दिसतं.

किल्ल्याचंच सांगते. डॉक्टरांनी साखरेमुळे चालायला सांगितलं, म्हणून मी 'रोज सकाळी अजिंक्यतारा' असं लिहिलं होतं. वर्षाअखेरीला खुणा मोजल्या तर १४१ भरल्या. मनात म्हटलं, आपल्याला शिस्त नाही. मग महिन्यावारी मोजलं. मे महिन्यात २२, जूनमध्ये ३, जुलैत २. जून म्हणजे शाळा उघडतात, सकाळी सातपासून वह्या-कव्हरं-कंपासला रांग असते. त्यापाठोपाठ साताऱ्याचा पाऊस, किल्ल्याची वाट निसरडी. म्हणजे 'रोज' हा शब्दच माझ्या वर्षात बसणारा नव्हता. आता मी लिहिते, 'दसरा ते मे, आठवड्यातून चार वेळा किल्ला. जून ते दसरा, घरी बारा सूर्यनमस्कार'. तुमच्या धंद्याचा, नोकरीचा, घराचा असा एक जून असतोच. तो आधी शोधा. मुलांची परीक्षा असेल, बँकेतल्यांचा मार्च असेल, शेतात सुगी असेल.

दुसरी चूक मापाची. ज्ञानेश्वरी पूर्ण वाचायची म्हणून मी सरळ भागाकार केला होता. अध्याय अठरा, महिने बारा, म्हणजे महिन्याला दीड अध्याय. पहिले चारपाच अध्याय झरझर गेले आणि तेराव्यात मी जी अडकले ती अडकलेच. नीट पाहिल्यावर कारण कळलं. पहिल्या अध्यायात पावणेतीनशे ओव्या आहेत, तेराव्यात अकराशेच्या वर आणि अठराव्यात एकट्यात अठराशेच्या वर. अध्याय हे माप माझ्या कामाचं नव्हतं. सगळ्या मिळून ओव्या नऊ हजारांच्या थोड्या वर, म्हणून रोज पंचवीस धरल्या की वर्षभरात संपतात. मागच्या पाडव्यापासून तशा वाचत गेले. जूनने तिथेही खाडा पाडलाच. यंदा, २०२५ ला, २२ ऑक्टोबरला पाडवा झाला, त्या दिवशी अठराव्यातल्या ६१० ओव्या उरल्या होत्या. 'ज्ञानेश्वरी राहिली' असं लिहिलं असतं तर जीव दडपला असता. '६१० ओव्या' लिहिलं आणि दिसलं की पंचवीस दिवसांचं काम आहे.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते. उरलेलं सगळंच पुढे ओढायचं नसतं. उधारीच्या वसुलीसाठी कोर्टात दावा लावायला १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षं मिळतात. त्या आत देणेकऱ्याने देणं लेखी कबूल केलं, किंवा थोडे पैसे भरून तसं सहीनिशी लिहून दिलं, तर मुदत पुन्हा नव्याने धरतात. अण्णा म्हणून तर म्हणायचे, "पन्नास दे, पण इथे सही कर." आणि ज्याच्याकडून तीन वर्षांत काहीच हललं नाही, त्याचं नाव पाडव्याला बुडीत खाती टाकायचे. त्या माणसाशी बोलणं तुटायचं नाही, पुढे तो रोखीने वही न्यायला आला तर अण्णा त्याला चहाही पाजायचे. फक्त ते येणं दरवर्षी उराशी बाळगायचे नाहीत.

मी तोच नियम स्वतःला लावला. तिसऱ्या पाडव्याला तीच ओळ पुन्हा लिहायची वेळ आली, तर वर्षभरात निदान थोडा भरणा झालाय का ते बघायचं. झाला असेल तर पुढे. नसेल तर बुडीत. 'पेटी शिकायची' हे माझ्याकडे तीन वर्षं होतं, पेटीसुद्धा घेतलेली, तिच्यावर अभ्रा घालून ठेवलेला. एकही सूर वाजला नव्हता. २०२४ च्या पाडव्याला त्या ओळीपुढे 'बुडीत' लिहिलं. हात जड झाला, खोटं नाही सांगत. आठ दिवसांनी पेटी गल्लीतल्या भजनी मंडळाला देऊन टाकली. आता एकादशीला ती ऐकू येते तेव्हा बरं वाटतं.

त्याच पानावर दुसरी ओळ होती: 'भाऊबीजेला दादाकडे जायचं'. दुकानाच्या वाटणीवरून आमचं बोलणं थांबलं होतं, तो सांगलीला, मी इथे. तीही ओळ तीन वर्षांची. ती बुडीत खाती टाकायला हात धजेना, आणि न टाकावी तर भरणा शून्य. तेव्हा पन्नास रुपयांची सही आठवली. त्याच रात्री वहिनीला फोन केला, दादाचं बीपी कसं आहे एवढंच विचारलं. चार मिनिटं. शेवटच्या पानावर खूण केली. मग महिन्याला एक फोन, कधी वहिनी, कधी भाचा. श्रावणात एकदा फोन दादानेच उचलला. "वहिनी देवळात गेलीय," म्हणाला आणि ठेवला नाही.

यंदा २३ ऑक्टोबरला सकाळची एसटी धरून सांगलीला गेले. पाट मांडला, ओवाळलं. वाटणीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. निघताना त्याने ओवाळणीचं पाकीट हातात दिलं आणि स्टँडपर्यंत सोडायला आला. रात्री घरी येऊन चोपडी उघडली. नव्या वर्षाच्या पानावर वाटणीचं बोलणं मागील बाकीत धरलं, आणि त्याखाली त्या दिवशीच्या तारखेला दादाच्या नावे जमा केलं: पाच तास.