ऑसिलेटर सुटला, टॅक्सी सुटली, अडकला तो रिपोर्ट

एमएस्सी फिजिक्सचा प्रोजेक्ट एकदाचा जमा झाला, पण डोकं अजून गरमच आहे म्हणून लिहितेय. विषय ऐकून सगळे हसतात, अर्धा प्रोजेक्ट क्वांटम ऑसिलेटरवर (स्प्रिंगला बांधल्यासारखा हलणारा सूक्ष्म कण) आणि अर्धा न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सींवर. सरांचं म्हणणं, दोन्हीकडे मॅट्रिक्स मांडून आयगेनव्हॅल्यूच, म्हणजे त्या मॅट्रिक्सचे खास आकडेच काढायचेत ना, मग झालं तर. ऑसिलेटर एका दुपारीत झाला, उणे 10 ते 10 मध्ये 1000 तुकडे, ग्राउंड स्टेट, म्हणजे सगळ्यात खालची एनर्जी, 0.5 हवी ती 0.49999 आली. टॅक्सीचा डेटा तिथल्या टॅक्सी कमिशनच्या साइटवर फुकट मिळतो, मी जानेवारी 2019 घेतला, 76 लाखांच्या वर फेऱ्या, लॅपटॉपने मान टाकली नाही एवढंच.

मग आली लायब्ररी. प्लॅगिअरिझमचा, म्हणजे मजकूर दुसरीकडच्याशी किती जुळतो त्याचा रिपोर्ट लागतो, 10 टक्क्यांच्या आत. माझा आला 34.

चोरी काय केली म्हणून बघते तर सगळा रंग ऑसिलेटरच्या चॅप्टरवर! अहो श्रोडिंजरचं समीकरण मी वेगळं कसं लिहू? वर सर्टिफिकेटचं पान, अनुक्रमणिका, संदर्भयादी, सगळं मोजलेलं. खिडकीवरचे काका म्हणाले, "मशीन सांगतं ते आम्ही देतो, मॅडम रजेवर आहेत, सोमवारी या." सोमवारी मॅडम मीटिंगला. मंगळवारी भेटल्या आणि म्हणाल्या वाक्यं बदलून आणा, तर मी येड्यासारखी तीन रात्री बसून ऑसिलेटरचं डेरिव्हेशन उलटंपालटं करून लिहिलं, वाचवत नव्हतं इतकं घाण, आणि शुक्रवारचा रिपोर्ट 81 टक्के. एक्क्याऐंशी! कारण काय, तर माझा पहिला ड्राफ्ट त्यांनी सॉफ्टवेअरच्या साठ्यात सेव्ह केलेला, आणि आता मी माझीच नक्कल करतेय असं मशीनचं मत. काकांना हे समजावताना माझा आवाज चढला, मागे लाइनमध्ये पंधरा पोरं. काका शांतपणे म्हणाले, "पण बाई, टॅक्सीचा आणि फिजिक्सचा संबंध काय?"

शेवटी सरांनी यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) 2018 चा नियमच प्रिंट काढून दिला. त्यात सरळ लिहिलंय की संदर्भयादी, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि स्टँडर्ड समीकरणं, चिन्हं वगळायची. तो कागद ठेवल्यावर मॅडमनी दोन मिनिटांत सेटिंग बदललं, जुना ड्राफ्ट वगळला, आणि जुनाच, न बिघडवलेला चॅप्टर परत टाकला. 7 टक्के. दोन मिनिटांचं काम आणि माझे अकरा दिवस.

तर पहिल्याच खेपेला "ड्राफ्ट साठ्यात सेव्ह करू नका" हे तोंडी नाही, अर्जावर लिहून द्या. रिपोर्टची प्रिंट रंगीत घ्या, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कुठला तुकडा कुठून जुळला ते कळतच नाही, मी आधी दहा रुपये वाचवले आणि पस्तावले. कोड अपेंडिक्समध्ये टाकला असेल तर तो वेगळ्या फाइलमध्ये द्या, सुरुवातीच्या इम्पोर्टच्या (तयार पॅकेज मागवायच्या) ओळी सगळ्या जगाच्या सारख्याच असतात.

हां, ऑसिलेटरचं राहिलंच, बॉक्स, म्हणजे गणितासाठी घेतलेली लांबी, उणे 3 ते 3 एवढा छोटा घेऊ नका, वरच्या एनर्जी लेव्हल भिंतीला लागून फुगतात. आणि टॅक्सीवाल्यांनो, डेटात शहराचे भाग झोन नंबरने दिलेत, त्यातले 264 आणि 265 आधी काढून टाका, ते नकाशावरचे झोन नाहीतच. अक्षांश-रेखांश शोधत बसू नका, जुलै 2016 पासून फक्त झोनच देतात. कुठल्या झोनमधून कुठे किती फेऱ्या, अशा माझ्या मॅट्रिक्समध्ये केनेडी विमानतळ, झोन 132, उठून दिसत होता. तो ग्राफ व्हायव्हाला सगळ्यांना आवडला. रिपोर्टचं पान कुणी उघडूनसुद्धा बघितलं नाही.