शाळा सोडल्याचे कारण

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. दुपारी तीनला शाळा व्यवस्थापन समितीची सभा होती आणि विषय एकच, शाळा विकास आराखडा. शिक्षण हक्क कायद्याखाली तो तीन वर्षांचा करायचा असतो आणि आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तयार ठेवायचा असतो. मी तो आदल्या रात्रीच लिहून टाकला होता. ध्येयाच्या चौकटीत ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास’, उद्दिष्टांच्या चौकटीत ‘तिसरीअखेर १०० टक्के मुले निपुण’. निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं. तिसरी संपताना मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्दांच्या वेगाने, समजून वाचावा, आणि २०२६-२७ पर्यंत देशातल्या प्रत्येक मुलाला हे जमावं, असं ते लक्ष्य. माझ्या तिसरीचा पट सात. सातही मुलं वाचत होती. आकडा खोटा नव्हता.

परिपाठ चालू असतानाच एक आजी नातवाला घेऊन दारात येऊन उभी राहिली.

“बाई, दाखला मागनं येतोय. तवर पोराला बसू द्या.”

पोरगं कोईमतूरहून आलेलं. आमचा खानापूर तालुका म्हणजे सांगली जिल्ह्याचा दुष्काळी टापू. विट्याच्या आसपासच्या गावांत घरटी कुणी ना कुणी गलाईला गेलेलं असतं. तामिळनाडूपासून पंजाबपर्यंत सराफ बाजाराच्या बोळांत आमच्या माणसांच्या भट्ट्या आहेत. सोनं-चांदी मुशीत आटवायची, शुद्ध करून द्यायची. जत्रेला, लग्नाला गावी यायचं आणि परत जायचं. मुलं कधी तिकडे, कधी आजीकडे. या पोराच्या आईचं बाळंतपण जवळ आलं होतं, म्हणून त्याला इकडे धाडलेलं.

वयाने तो तिसरीचा. मी त्याच्यापुढे शब्दकार्डं ठेवली. कमळ, बदक, नळ. तो गप्प. आमच्या सरांनी खडू हातात दिला, तर फळ्यावर त्याने तमिळमध्ये आपलं नाव लिहिलं, गोल गोल, नेटक्या अक्षरांत. मुलं उठून फळ्याभोवती जमली. सरांनी सहज विचारलं, “साडेतीन तोळे म्हणजे किती ग्रॅम रे?” श्वासही न घेता म्हणाला, “पस्तीस.” पण तेच गणित मराठीत लिहून दिलं असतं तर त्याला पहिला शब्दही लागला नसता.

सभेच्या आधी समितीतले एक पालक हळूच म्हणाले, “बाई, जूनपास्नं घ्या की त्याला. न्हाईतर दुसरीत बसवा. शंभर टक्के मोडतील.” ते वाईट हेतूने बोलले नाहीत, शाळेच्या प्रेमापोटीच बोलले. आणि खरं सांगायचं तर क्षणभर मलाही ते पटलं. वयाला साजेशा वर्गात बसवणं कायद्याने बंधनकारक आहे, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे मला तोंडपाठ आहे. तरीही पटलं. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

प्रवेश नोंदवायला जनरल रजिस्टर काढलं. त्याच कपाटात खाली सर्वांत जुनं रजिस्टर होतं, वेष्टनावर ‘जिल्हा दक्षिण सातारा’ लिहिलेलं. १९४९ साली आपला जिल्हा वेगळा झाला तेव्हाचं हे नाव, सांगली झालं ते १९६० मध्ये. का कोण जाणे, सगळी रजिस्टरं बाहेर काढून शेवटचा रकाना वाचत बसले. ‘शाळा सोडल्याचे कारण’. वडिलांबरोबर परगावी. परगावी. परगावी. कितीतरी वर्षांची, वेगवेगळ्या गुरुजींच्या हस्ताक्षरांतली. पुढे त्या मुलांचं काय झालं, याला रकानाच नव्हता.

आजी शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, “माझ्या ल्येकाचं पण असंल त्यात.” होतं. दुसरीत सोडलेली. “आला-गेला, आला-गेला असंच झालं त्याचं. सही करतोय मराठीत. पर गावाकडं चिठ्ठी धाडायची तर दुसऱ्याकडनं लिहून घ्यायचा.”

सभेत मी लिहिलेला आराखडा वाचलाच नाही. रजिस्टरं मधे ठेवली. आमच्या समितीत कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका. बायका एरवी सही करून उठतात. त्या दिवशी उठल्या नाहीत. प्रत्येकीचा कुणीतरी त्या शेवटच्या रकान्यात होता. एक ताई म्हणाली, “पोरं जाणारच बाई. पोटासाठी जावंच लागतं. पर जाताना संग काय न्यायचं ते तरी ठरवा.”

मग दोन तास तेवढंच ठरवलं. मूल जाणार असेल तर घरच्यांनी महिनाभर आधी शाळेत सांगायचं. जाताना त्याच्याबरोबर वही द्यायची, काय येतं आणि काय राहिलं ते लिहून, शिवाय वाचायला चार पुस्तकं. आठवड्यातून एकदा फोनवर त्याने एक पान वाचून दाखवायचं, ते सरांनी अंगावर घेतलं. आणि मधेच आलेल्या मुलाला रोज पहिला तास वेगळा. ‘सर्वांगीण विकास’ खोडला. तिथे लिहिलं, ‘या शाळेत आलेले प्रत्येक मूल, कधीही आले आणि कधीही गेले तरी, मराठी वाचते होऊन जाईल.’ तिसरीचा पट आठ, वाचणारे सात.

केंद्रप्रमुखांचा फोन आला, आकडा खाली कसा? सगळं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “राहू द्या तसाच.”

पोराचा पहिला तास मी घेते. कमळ-बदक बाजूला ठेवून त्याच्या वडिलांच्या दुकानातले शब्द फळ्यावर लिहायला लागले. मूस, राख, तोळा, भट्टी. ‘मूस’ त्याने फेब्रुवारीत पहिल्यांदा वाचला, बोट न ठेवता. ‘भट्टी’तलं जोडाक्षर अजून अडतंय.