समुद्रतळावरचा दारूगोळा हटवताना: माझा अनुभव

उत्तर समुद्रात पवनचक्क्या उभारण्यापूर्वी तळावरचा न फुटलेला दारूगोळा शोधून हटवणाऱ्या पथकात मी सर्वेक्षणाची माहिती तपासत असे. दोन्ही महायुद्धांतले सुरुंग आणि बॉम्ब तेथे आजही गाळात आहेत, आणि त्यांतले स्फोटक अजूनही जिवंत असू शकते.

मॅग्नेटोमीटर, म्हणजे लोखंडामुळे चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल टिपणारे यंत्र, तळापासून दोन-तीन मीटरांवरून ओढावे लागते, कारण अंतर दुप्पट झाले की लोखंडाचा संकेत जवळपास एक-अष्टमांशावर येतो. पडद्यावर काही नॅनोटेस्लांचा (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे अतिसूक्ष्म एकक) चढउतार दिसतो, पण तो बॉम्बचा की जुन्या नांगराचा, हे त्यावरून ठामपणे सांगता येत नाही. सर्वांत जास्त धास्ती मला विमानातून टाकल्या जाणाऱ्या जर्मन एलएमबी सुरुंगाची वाटे. त्यात सुमारे 700 किलो स्फोटक असते, मात्र कवच ॲल्युमिनियमचे असल्यामुळे मॅग्नेटोमीटरला तो जेमतेम जाणवतो. त्यामुळे सोनार यंत्राने ध्वनिलहरींच्या साहाय्याने काढलेल्या तळाच्या चित्रांतली प्रत्येक लांबट सावली मी पुन्हा पुन्हा पाहत असे.

संशयित वस्तूंपैकी बहुतेक भंगारच निघतात. एके ठिकाणी मात्र आरओव्हीने (जहाजावरून दूरनियंत्रणाने चालवलेल्या पाण्याखालील यंत्राने) पाण्याच्या झोताने गाळ उडवला, गढूळपणा निवळला आणि शिंपल्यांनी मढलेल्या कवचावर बॉम्ब विमानाला अडकवण्याची कडी स्पष्ट दिसली. शक्य असेल तेथे पवनचक्क्यांच्या वीज केबलचा मार्गच थोडा वळवतात आणि तेच सर्वांत उत्तम. येथे ते शक्य नव्हते. तज्ज्ञांनी छोट्या स्फोटकाने कवच भेदून आतला दारूगोळा न फुटता जळून जाईल अशी पद्धत निवडली. त्याआधी निरीक्षकांनी परिसरात पोर्पॉइज (डॉल्फिनसारखे छोटे सागरी सस्तन प्राणी) आणि सील नाहीत याची खात्री केली, तसेच त्यांना दूर ठेवणारी ध्वनियंत्रेही पाण्यात सोडली. या खबरदारीला वेळखाऊ म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. 2019 मध्ये बाल्टिक समुद्रातील फेहमार्न पट्ट्यात (जर्मनी व डेन्मार्क यांच्यामधील सामुद्रधुनीत) 42 सुरुंग उडवले गेले, त्यानंतर किनाऱ्यांवर मृत पोर्पॉइज सापडले आणि त्यांतल्या काहींच्या शरीरात स्फोटाच्या इजा आढळल्या.

काम झाल्यावर आरओव्हीने तुकडे व उरलेले स्फोटक गोळा केले, आणि धोका व्यवहार्य तितका कमी झाल्याचे प्रमाणपत्र बांधकाम पथकाला मिळाले. वाळूचे उंचवटे सरकतात, मासेमारीची जाळी तळावरच्या वस्तू ओढून नेतात, म्हणून त्यावर मुदत घातलेली होती. ती संपण्याआधी खांब ठोकून न झाल्यास सर्वेक्षणाचा पुन्हा आढावा घेणे बंधनकारक होते.