थंडीच्या बातमीला राजाराम बंधारा कुठाय?

जुलैत कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "पाणी किती फुटांवर?" उत्तरही तितकंच नेमकं मिळतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३७ फूट ४ इंच, राधानगरी धरणाचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडलेत, म्हणजे दोन गुणिले १४२८ क्युसेक. ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर नदीकाठच्या घराघराला आपल्या उंबऱ्याचा आकडा माहीत झाला. कुणी कितीही भडक मेसेज टाकू दे, माणसं आधी बंधाऱ्याचा आकडा विचारतात आणि मगच जनावरं, गाडी, गाद्या हलवायचं ठरवतात.

डिसेंबर उजाडला की हीच माणसं "येत्या ४८ तासांत महाराष्ट्र गोठणार" एवढ्या एका ओळीवर विसंबतात. पहिल्या बातमीला स्वेटर-कानटोप्या बाहेर निघतात, खिडक्यांच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलं जातं, शाळा उशिरा भरवा अशी मागणी होते. दुपारी पारा तिशीजवळ गेला की "कुठाय थंडी?" म्हणून बातमी मोडीत निघते. तिसऱ्या-चौथ्या बातमीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि खरा गारठा कधीकधी नेमका तेव्हाच पडतो. पूर वाचता येतो तर थंडीही वाचता येईल. तिला फक्त बंधारा हवा: मोजायची एक ठरलेली जागा आणि आपल्यापुरत्या एक-दोन खुणा.

आधी 'थंडीची लाट' हा शब्द. हवामान विभागाच्या लेखी तो मापाचा शब्द आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली उतरावं लागतं आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असावं लागतं. घसरण ६.४ च्या पुढे गेली तर तीव्र लाट. पारा ४ अंशांवर आला तर सरासरी न बघताच लाट, २ वर आला तर तीव्र. शिवाय हे उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस दिसावं लागतं. मग दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. कोल्हापूरचं जानेवारीतलं किमान तापमान पंधराच्या आसपास असतं. म्हणजे इथे १२ अंश झालं, अंगात हुडहुडी भरली, तरी व्याख्येप्रमाणे लाट नाही. दहाच्या खाली गेलं तरच तो शब्द लागू होतो, आणि कोल्हापुरात तसे दिवस थोडेच येतात.

मग आपल्याकडे दर हिवाळ्यात लाट येते कुठून? नकाशातून. कोल्हापूर 'मध्य महाराष्ट्र' या हवामान उपविभागात मोडतं, आणि हा उपविभाग खानदेशापासून चंदगडपर्यंत लांबलचक पसरलेला आहे. हिमालयावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारा पाऊस-बर्फाचा पट्टा, सरकून गेला, तिकडे बर्फ पडला, मागून आकाश निरभ्र झालं की उत्तरेचे कोरडे वारे खाली वाहतात. ते धुळे, जळगाव, निफाड आधी गाठतात. आपल्यापर्यंत येता येता त्यांची धार कमी होते, आणि मध्येच बंगालच्या उपसागराकडून पूर्वेचे दमट वारे शिरले, ढग आले, की रात्रीचा पारा एका दिवसात चार-पाच अंशांनी चढतो. म्हणून निफाडला सहा अंश आणि कोल्हापूरला सोळा, असं एकाच सकाळी होऊ शकतं. "मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी थंडीची लाट" या वाक्यातला 'तुरळक' हा शब्दही मोजलेला आहे. तुरळक म्हणजे उपविभागातल्या चौथा हिस्सा केंद्रांपर्यंत, काही ठिकाणी म्हणजे निम्म्यापर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत. मथळा करताना पहिला बळी जातो तो या 'तुरळक'चा. 'मध्य' गळून 'महाराष्ट्र' उरतो, आणि जळगावचा इशारा कोल्हापूरच्या दारात येऊन पडतो.

इशाऱ्याच्या रंगांचंही असंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना परिणाम किती होईल आणि शक्यता किती, हे दोन्ही धरतात. पिवळा रंग बघून पोरांना घरी बसवायची गरज नाही. आपल्या जिल्ह्याच्या चौकोनात कोणता रंग आहे आणि पत्रक कोणत्या तारखेचं आहे, एवढं बघितलं तरी निम्मी धावपळ वाचते. गेल्या वर्षीचं पत्रक यंदा नव्याने फिरणं ही नेहमीची गोष्ट आहे. मोबाईलच्या ॲपमध्ये दहा-बारा दिवसांनंतरचा "९ अंश" दिसतो, तो एका मॉडेलचा एक आकडा असतो. चार दिवसांत तो दोनदा बदलतो. इतक्या लांबचं बघायचंच असेल तर हवामान विभाग दर गुरुवारी विस्तारित अंदाज देतो. त्यात आकडा नसतो, कल असतो, आणि तेवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं.

एक मेसेज मात्र मुळासकट उपटायला हवा. पृथ्वी सूर्यापासून ६६ टक्के लांब जाणार, त्याला अफेलियन म्हणतात, त्यामुळे थंडी, खोकला, ताप वाढणार, असा तो असतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटींवर. फरक जेमतेम तीन टक्क्यांचा. आपली थंडी पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे पडते. हा मेसेज घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आला, तर "खोटं आहे" एवढंच म्हणून भागत नाही. "मग आपण जुलैत स्वेटर का घालत नाही, आण्णा?" असं विचारावं, लगेच पटतं.

आता महाबळेश्वर. वेण्णा लेकला हिमकण पडले, गाड्यांच्या टपावर, जेटीच्या फळ्यांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर, असे फोटो दरवर्षी येतात. ते खरे असतात. त्याच सकाळी महाबळेश्वरचं अधिकृत तापमान मात्र शून्याच्या बरंच वर असतं, आणि लोक म्हणतात, वेधशाळा खोटं बोलते. दोन्ही बरोबर आहेत. अधिकृत तापमापी जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असते. ती हवेचं तापमान मोजते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गाडीचा पत्रा किंवा पान आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतं आणि लगतच्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी थंड होतं. त्यात तळ्याची जागा खोलगट. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने वाहत येऊन खळग्यात साचते. या दोन्ही गोष्टी जुळल्या की दव गोठतं.

आपल्याकडेही हेच घडतं, फक्त गोठण्यापर्यंत जात नाही. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ दाट बांधकामामुळे रात्री उबदार राहतात. चिखली, आंबेवाडीकडची नदीकाठची सखल रानं मात्र पहाटे शहरापेक्षा चांगलीच गार असतात. ज्या रानात पूर आधी शिरतो, त्याच रानात गारठाही आधी साचतो. म्हणून पेठेतल्या माणसाने "एवढं काही नाही" म्हणणं आणि रानातल्याने "हात वळंना झालेत" म्हणणं, दोन्ही खरं असतं.

त्यासाठीच आपला बंधारा आपण बांधायचा. कमाल-किमान दाखवणारी साधी तापमापी पुरते. ती भिंतीला खेटून लावू नये. भिंत दिवसभराचं ऊन रात्री सोडते आणि आकडा दोन-तीन अंशांनी फुगतो. पत्र्याच्या छपराखालीही नको. पूर्ण सावलीत, छातीच्या खालच्या उंचीवर, चारी बाजूंनी हवा खेळेल अशी, मोकळ्या आडव्या दांडीला टांगावी. किमान तापमान सूर्य उगवताना किंवा उगवल्यानंतर थोड्याच वेळात लागतं, म्हणून साडेआठला वाचून वहीत लिहावं. वेधशाळेची नोंदही साडेआठचीच असते. पंधरा दिवस लिहिलं की कोल्हापूरच्या अधिकृत आकड्यात आणि आपल्या रानातल्या आकड्यात किती फरक पडतो ते कळतं. समजा, रान तीन अंशांनी गार निघालं. मग बातमीत कोल्हापूर १४ म्हणजे आपल्याकडे ११, असा हिशेब पक्का होतो. माझ्या मते आपल्या तापमापीवर १२ ही इशारा पातळी आणि १० ही धोका पातळी धरावी. हे आकडे सरकारी नाहीत, पण वापरायला सोपे आहेत.

इशारा पातळीला पहिली काळजी रस्त्याची घ्यायची. निरभ्र रात्र, वारा नाही आणि पंचगंगेची ओल, एवढं जमलं की पहाटे तीन-चारपासून धुकं धरतं आणि उन्हाने तापेपर्यंत, आठ-साडेआठपर्यंत, हलत नाही. त्यात ऊसाच्या ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, मोळ्या बाहेर आलेल्या, मागचा दिवा झाकलेला. प्रत्येक ट्रॉलीच्या मागे दोन्ही कडांना रेडियमची लाल पट्टी आणि मोळ्यांच्या टोकालाही एक, ही दोन मिनिटांची कामं आहेत. धुक्यात हेडलाईटचा लांब झोत लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. झोत खालीच ठेवायचा.

ऊसाला या थंडीचं भय नाही. कोरडी थंडी पडली की वाढ थांबून पेऱ्यांत साखर साठते. आपल्या भागाचा साखर उतारा चांगला येण्यात या रात्रींचा वाटा आहे आणि गुऱ्हाळवालेही याच दिवसांची वाट बघतात. अडचण होते ती नव्या लागणीची. १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी ही 'सुरू' हंगामाच्या लागणीची वेळ, आणि गारठ्यात कांडीचा डोळा फुटायला रेंगाळतो. बियाणं खराब निघालं म्हणून घाईने नांग्या भरू नयेत, म्हणजे रिकाम्या जागी नव्या कांड्या लावू नयेत. आधी एक कांडी उकरून डोळा बघावा. तो टणक आणि फिकट पिवळसर असेल तर थांबावं, काळा पडून मऊ झाला असेल तरच बदलावी. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षवाल्यांचं दुखणं वेगळं. रात्र थंड आणि दुपार तापलेली, असा फरक वाढला की मणी पिंक पडतात. त्यांना पहाटेच्या आकड्याइतकाच दुपारचाही आकडा लागतो, आणि बातमीत तो क्वचितच असतो.

भडक बातमीने सगळ्यात मोठं नुकसान होतं ते बंद न्हाणीघरात. लाट येणार म्हणून झडपेला पुठ्ठा लावतात, दाराखाली फडकं सरकवतात आणि आत गॅस गिझर चालू. बर्नरला हवा कमी पडली की ज्योत निळीची पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होणं, चक्कर, मळमळ ही पहिली लक्षणं, आणि माणसाला वाटतं गरम पाण्याने गळाल्यासारखं होतंय. गिझर न्हाणीघराच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवावा. ते जमत नसेल तर आधी बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा आणि मग आंघोळीला जावं. झडप कधीच बुजवू नये. कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं झोपायच्या खोलीत ठेवू नये. कुणी गळून पडलंच तर आधी दार उघडून मोकळ्या हवेत आणावं, गॅस बंद करावा आणि थेट दवाखाना गाठावा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ ला थंडीचा अंदाज आधीच दिला होता आणि तो बरोबर ठरला. वीज गेली, लोकांनी बंद घरात कोळसा पेटवला, बंद गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या. राज्याच्या आरोग्य खात्याने २४६ मृत्यू नोंदवले, त्यांत या वायूने गेलेलेही आहेत. उलटं उदाहरण न्यूयॉर्कचं. जानेवारी २०१५ ला दोन-तीन फूट बर्फाचा अंदाज आला, बर्फासाठी म्हणून भुयारी रेल्वे पहिल्यांदाच बंद ठेवली, आणि सेंट्रल पार्कात पडला ९.८ इंच. वादळाचा पट्टा थोडा पूर्वेला सरकला होता. बॉस्टनला दोन फूट बर्फ पडलाच. लोकांनी हवामानवाल्यांना फैलावर घेतलं. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१६ ला, त्याच सेंट्रल पार्कात २७.५ इंच पडला, तिथल्या नोंदीतला सर्वाधिक. आदल्या वर्षीच्या रागात ज्याने तो इशारा सोडून दिला असेल, तो अडकला. तिकडे लेक-जावई असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं: त्यांच्या फोनवरचा २० हा फॅरनहाइट असतो, म्हणजे आपले उणे सात. आणि 'फील्स लाईक'चा आकडा वारा धरून काढलेला असतो, तो हवेच्या तापमानाचा नसतो.

धोका पातळीला, म्हणजे रानात दहाच्या खाली, खरा प्रश्न ऊसतोड टोळ्यांचा आहे. बीडकडून आलेली ही माणसं नदीकाठच्या मोकळ्या रानात पाचटाच्या खोपीत राहतात आणि दवाने भिजलेल्या फडात पहाटे चारला कोयता धरतात. बातमीतला 'नागरिकांनी काळजी घ्यावी' हा सल्ला त्यांच्यापर्यंत पोचत नाही. फड ज्याचा आहे त्याला हे करता येतं: खोपीची जागा सखल कोपऱ्यात न देता बांधाच्या उंच बाजूला द्यावी, तीन-चार फुटांचा चढही फरक पाडतो. जमिनीवर आधी ताडपत्री, तिच्यावर वीतभर कोरडं पाचट, वर बारदान, कारण अंगातली ऊब आधी जमीन ओढून घेते. दवाने भिजलेलं पाचट रोज उन्हात पसरायचं. चूल खोपीच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. आणि तोड सहालाच सुरू होईल असं मुकादमाशी आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवायचं, कारण पहाटे चारला गाडी भरायला उभी राहिल्यावर ते कुणी ऐकत नाही.