सत्तेचाळीस पोरांची अठ्ठेचाळीस पत्रं

"ताई, या डब्यात काहीतरी हाये. हलवला का खसखस वाजते."

मार्चमधला सोमवार होता. आदल्या रात्री अवकाळीनं वाडीच्या पुढचा सगळा अमरावती रोड झोडपून काढला होता. गारा पडल्या, तिकीटघराचे दोन पत्रे उडाले आणि सकाळी आमच्या मनोरंजन पार्कात जिकडेतिकडे कडुनिंबाच्या फांद्या. आमचा खरा धंदा एप्रिल ते जून. पारा चव्वेचाळीसच्या घरात गेला की अख्खं नागपूर आमच्याकडे पाण्यात बसायला येतं. म्हणून मार्चमधले सोमवार पार्क बंद ठेवून रंगरंगोटी चालते. मेंटेनन्सचा पोरगा टॉय ट्रेनच्या स्टेशनाजवळचा लाल डबा रंगवायला आडवा करत होता, त्यानं मला हाक मारली.

मी इथं चौदा वर्षं गेस्ट सर्व्हिसला आहे. नाव मोठं, काम म्हणजे हरवलेली मुलं, हरवलेल्या चपला, लॉकरच्या किल्ल्या आणि तक्रारी. डब्यातून आवाज आला तर तोही माझ्याच खात्यात जमा.

हा डबा म्हणजे टपालपेटी. खरी नव्हे. दोन वर्षांपूर्वी मार्केटिंगला पुण्याहून एक मुलगा आला होता. हुशार होता, खोटं कशाला बोलू. मीटिंगमध्ये त्यानं डिस्नेलँडचे फोटो दाखवले आणि म्हणाला, हे पार्क १७ जुलै १९५५ ला उघडलं, पण त्याच्या दारातला पहिला रस्ता त्याच दिवशी पन्नास वर्षं जुना होता. वॉल्ट डिस्नेनं मुद्दाम आपल्या लहानपणच्या काळातलं अमेरिकन गाव दारातच उभं केलं होतं, घोड्याच्या ट्रामसकट. लोक पाळण्यात बसायला येतात, पण पुन्हा येतात ते जुन्या दिवसांसाठी, असं त्याचं म्हणणं. तेव्हा आपलाही एक जुना कोपरा हवा. ठरलं. एक हातगाडी, एक कंदील, एक डायलचा फोन आणि एक लाल पेटी. पेटी हिंगणा रोडच्या फॅब्रिकेटरनं फायबरची घडवली. गोल अंगाची, डोक्यावर टोपी, खाली काळा पट्टा. त्यानं विचारलं, फट नुसती रंगवू का खरीच कापू? आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, कापा, फोटोत खोली दिसली पाहिजे. कुणीतरी म्हणजे, आता सांगायला हरकत नाही, मीच.

मागं चार स्क्रूंची प्लेट होती, त्यावर एक छोटं कुलूप. किल्ली स्टोअरमध्ये. दोन वर्षांत कुणी पेटी उघडली नाही. उघडायचं कारणच नव्हतं.

प्लेट निघाली तशी आधी पाणी आलं. मग पॉपकॉर्नचे कागद, कुल्फीच्या काड्या, फाटकी तिकिटं आणि रुपया-रुपयाची बरीच नाणी. आपल्या लोकांना फट दिसली की दानपेटी आठवते. हॉलंडमध्ये एफ्टलिंग नावाचं एक जुनं पार्क आहे. तिथं १९५९ पासून तोंड वासून बसलेला एक लठ्ठोबा 'कागद इकडे' म्हणून ओरडतो आणि मुलं पार्कभरचा कचरा धावत जाऊन त्याच्या तोंडात कोंबतात. तीच तिथली गंमत, पिढ्यान्‌पिढ्या चाललेली. आमचा लठ्ठोबा ओरडत नव्हता. तो मुकाट्यानं खात होता. आणि त्यानं पत्रंही खाल्ली होती.

पन्नास पैशांची साधी पोस्टकार्डं. ओली, एकमेकांना चिकटलेली, गठ्ठ्यानं. वरच्या कार्डावर तारीख होती १९ जानेवारी. मला ती सहल आठवली. काटोल तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीचा वर्ग, सोबत एक मॅडम आणि एक सर. शेवटच्या ट्रेनआधी पोरं स्टेशनच्या कट्ट्यावर ओळीनं बसून मांडीवर काहीतरी लिहीत होती. मी त्यांच्या बाजूनं गेलेही होते. वाटलं, सहलीचा निबंध असेल.

कार्डं सोडवायला अर्धा तास गेला. तिकीटघरात पंख्याखाली सतरंजीवर एकेक मांडलं आणि उडू नये म्हणून प्रत्येकावर लॉकरची किल्ली ठेवली. स्केचपेननं लिहिलेलं सगळं वाहून गेलं होतं, हिरवं-जांभळं. बॉलपेनचं टिकलं. मजकूर बहुतेकांचा फळ्यावरचा, 'तीर्थरूप आईबाबांस, साष्टांग नमस्कार, विनंती विशेष'. त्यापुढं मात्र प्रत्येकाचं आपापलं. 'मी मोठ्या झुल्यात बसलो. भेव नाही वाटलं. थोडं वाटलं.' 'डबा हरवला नाही. झाकण हरवलं.' 'तू दिलेले वीस रुपये आहेत, पाच गेले.' एका पोरीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हे पत्र येईल तेव्हा मी घरीच राहीन. पण मी आधी सांगणार नाही. तू वाचशील तेव्हा मी दारामागे राहीन.'

ते वाचून मी जागची हलले नाही थोडा वेळ. दोन महिने.

पत्ते निम्मेअधिक धुऊन गेले होते. गंमत म्हणजे पिन कोड प्रत्येक कार्डावर शाबूत. ते सहा चौकोन मॅडमनी स्वतः बॉलपेननं भरले असणार, सगळीकडे अक्षर एकच होतं. पिन कोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून आला आणि त्यामागचे टपाल खात्यातले अधिकारी, श्रीराम भिकाजी वेलणकर, हे संस्कृतात कविता करणारे मराठी गृहस्थ. माणसाची नावं पुसली गेली तरी सहा आकडे राहिले, हे त्यांना बघायला आवडलं असतं की वाईट वाटलं असतं, कोण जाणे.

ग्रुप बुकिंगच्या रजिस्टरातून मॅडमचा नंबर काढला. काय बोलायचं ते तीनदा मनात जुळवलं आणि शेवटी सरळ सांगून टाकलं की आमची पेटी खोटी होती. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी पोस्टात चौकशी करून आले होते. पोरं रोज विचारायची. फेब्रुवारीत विचारायची थांबली." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, पत्रं शाळेतच पाठवते, तुम्ही वाटून द्या. "नको," त्या म्हणाल्या, "पोस्टानंच येऊ द्या. नागपूरचा शिक्का पाहिजे म्हणून तर तिथून टाकली. काही पोरांच्या घरी बिलाशिवाय आजवर पोस्टमन आला नाही." धुतलेले पत्ते त्यांनी हजेरीपटावरून फोनवर सांगितले, मी नव्यानं लिहिले.

शेवटी मोजणी केली. पोरं सत्तेचाळीस, कार्डं अठ्ठेचाळीस.

याचं कारण सुट्टे पैसे. भारतात पहिलं पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला निघालं, किंमत पाव आणा, आणि तेव्हा पाव आणा लोकांच्या खिशात असायचा. आज पन्नास पैसे कुणाच्याच खिशात नसतात. एक कार्ड मागा, दोन घ्यावी लागतात. सत्तेचाळीस मागितली की अठ्ठेचाळीस. उरलेलं कार्ड मॅडमनी स्वतः लिहिलं होतं आणि पत्ता आमचाच होता. 'टॉय ट्रेनचे मामा' आणि खाली पार्कचं नाव. मजकूर दोन ओळींचा. आमच्या सगळ्या मुलांना शेवटच्या फेरीची घंटा वाजवू दिलीत, उशीर झाला तरी रागावला नाहीत, आभारी आहोत.

मामांबद्दल सांगायला हवं. सव्वीस वर्षं ते टॉय ट्रेन चालवतात. शेवटच्या फेरीला इंजिनावरची घंटा पोरांनी वाजवायची, हा आमच्या पार्कातला रिवाज आहे. नागपुरात असे लोक आहेत की लहानपणी त्यांनी ती घंटा वाजवली आणि आता पोरांना तेवढ्यासाठी घेऊन येतात. मार्केटिंगच्या मुलाला वाटायचं, ही कुणाची तरी जबरदस्त कल्पना असणार. कल्पना कसली! एका वर्षी मामांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. डाव्या हातात हँडल, मग घंटा कोण वाजवणार? पुढच्या बाकड्यावरच्या पोराला म्हणाले, वाजव रे. प्लास्टर निघालं, पण पोरं रांग लावूनच उभी.

मामांना कार्ड दाखवलं तेव्हा ते वाचायच्या आधी पेटीकडेच बघत राहिले. "आपल्याकडे पहिले खरंच पत्र जात होते ताई," म्हणाले. मला हे ठाऊक नव्हतं. जुन्या कँटीनवाल्याकडे पार्कानं छापलेली चित्रांची कार्डं मिळत. जायंट व्हीलचा फोटो, मागं आभाळ इतकं निळं की नागपूरचं वाटायचं नाही. लोक तिथंच लिहीत आणि कँटीनच्या गल्ल्यावर ठेवत. गावाकडं जाणारा पोस्टमन सायकल लावून चहाला थांबे, जाताना गठ्ठा घेऊन जाई. चहा फुकट. मग कँटीनचं कंत्राट बदललं. नव्या माणसानं चहाचे पैसे मागितले.

"मग?"

"मग काय. पोस्टमन थांबला नाही. कार्डं स्टोअरात वाळवीनं खाल्ले."

ना कुठला आदेश, ना मीटिंग. आमच्या जुन्या कोपऱ्यावर साठ-सत्तर हजार गेले असतील, त्यात आम्ही चहा धरलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सिव्हिल लाइन्सला जीपीओत गेले. वाडीतही टाकता आली असती, पण नागपूरचा शिक्का म्हणजे मला तिथलाच वाटला. त्या जुन्या इमारतीत शिरलं की आवाज आपोआप खाली येतो. काउंटरवरच्या साहेबांना सगळी कहाणी सांगितली. त्यांनी कार्डं उलटसुलट केली, छापील तिकीट नीट आहे का पाहिलं. दोन पोरांनी पत्त्यासाठी राखलेल्या जागेतही मजकूर उतरवला होता. "हे नॉटपेड होईल," म्हणाले, म्हणजे घेणाऱ्याला वरचे पैसे भरावे लागतील, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ती दोन्ही गठ्ठ्याच्या मधोमध सरकवली.

मी हिंमत करून विचारलं, शिक्का एकोणीस जानेवारीचा नाही का मारता येणार?

"नोकरी घालवता का माझी?" ते हसले. "आणि मॅडम, आमच्या डब्यात पडलं असतं तर ते पत्र आमचं. तुमच्या डब्यात पडलं, म्हणजे आमच्या हिशेबानं हे अजून टाकलंच नाही. आज टाकून राहिले, आजचाच शिक्का."

एका कार्डानं मात्र त्यांनाही थांबवलं. पत्ता होता, 'बाबा, मिहान, जिथं मोठी क्रेन आहे, नागपूर.' मिहान म्हणजे विमानतळाजवळचा भलामोठा उद्योग प्रकल्प. त्यांनी ते बाजूला ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. "मिहानमध्ये क्रेन एक हाये का?" मी बाहेर येऊन मॅडमना फोन लावला. त्यांनी मुलाच्या आईकडून काँट्रॅक्टरचं नाव आणि साइटचा पत्ता मिळवला. यात पाऊण तास गेला. पत्ता लिहायला जागा उरली नव्हती, म्हणून क्रेनच्या वर बारीक अक्षरात घातला. क्रेन खोडली नाही.

राहिलं अठ्ठेचाळिसावं. ते मामांना देऊन झालं होतं, म्हणून मी आणलं नसतं. पण सकाळी निघताना मामांनीच ते परत माझ्या हातात ठेवलं होतं.

"हेही टाका."

"अहो, तुम्ही वाचलं ना?"

"वाचलं. पण आलं कुठी?"

टाकलं. साहेबांनी अठ्ठेचाळीस वेळा हात उचलला आणि आपटला. शेवटचा शिक्का जरा तिरका पडला.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला, पत्रं पोचायला लागली म्हणून. दारामागं उभी राहणारी ती मुलगी त्या दिवशी शाळेत होती, आईनं तिच्याशिवायच वाचलं. मग संध्याकाळी तिला दारामागं उभी करून पुन्हा वाचलं. क्रेनवाल्या कार्डाचं अजून कळलेलं नाही.

आमचंही आलं. दुपारी पोस्टमन मोटारसायकलवरून गेटला आला आणि सिक्युरिटीला विचारू लागला, इथं ट्रेनचे मामा कोण? सिक्युरिटीला वाटलं नोटीस आहे. मामा युनिफॉर्मची बटणं लावत आले, दोन्ही हातांनी कार्ड घेतलं आणि सगळ्यांसमोर नव्यानं वाचलं. तोवर मी कँटीनमधून चहा सांगितला होता. कंत्राटदारानं बिल फाडलं. मामांनी ते माझ्या हातून काढून घेतलं आणि वीस रुपये दिले.

मॅनेजमेंटनं पेटीची फट फायबरनं बुजवायला सांगितलं आहे. फॅब्रिकेटर सीझन संपल्यावर येतो म्हणाला. तोवर पेटीवर मी कागद चिकटवला आहे, 'ही खरी टपालपेटी नाही'. तरी लोक टाकतात. रोज संध्याकाळी घंटेनंतर मामा पेटी उघडतात, कागद-काड्या बाजूला काढतात आणि कधी एखादं कार्ड असलंच तर घरी जाताना वाडीच्या लाल डब्यात टाकतात. स्टोअरच्या रजिस्टरात पेटीची किल्ली 'हरवली' अशी नोंद आहे. अक्षर माझं आहे.