‘कोयानिस्कात्सी’ चित्राशिवाय: ऐकण्याच्या नोंदी

गॉडफ्री रेजिओचा ‘कोयानिस्कात्सी’ (१९८२) ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्यातलं फिलिप ग्लासचं संगीत आठवतं ते चित्रांसकट. ढग म्हटले की ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, विमान म्हटलं की कोरस, रात्रीच्या हायवेवरच्या दिव्यांच्या रेघा म्हटल्या की ते धावणारे कीबोर्ड. ८६ मिनिटांत एक संवाद नाही, निवेदक नाही, पात्र नाही. सगळा भार रॉन फ्रिकीच्या कॅमेऱ्यावर आणि ग्लासच्या सुरांवर. या पावसाळ्यापासून मी त्यातला सुरांचा भाग वेगळा काढून ऐकतेय. सिनेमा पुन्हा लावायचा नाही, त्याचे तुकडेही बघायचे नाहीत, स्वयंपाक करताना किंवा प्रवासात ऐकायचं नाही. बसायचं, हेडफोन लावायचे, शेजारी वही ठेवायची. आतापर्यंत जे हाती लागलं ते इथे मांडते. मिनिमलिस्ट, म्हणजे थोडेच स्वर पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या, संगीताच्या नादी लागलेल्या बाकीच्यांना आपल्या ऐकण्याशी ताडून पाहता येईल.

आधी रेकॉर्डिंगचा प्रश्न

हा सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण ‘कोयानिस्कात्सी’चं संगीत म्हणून तीन वेगळ्या गोष्टी मिळतात.

पहिली १९८३ची एलपी, साधारण ४६ मिनिटांची, सहा तुकड्यांची. दुसरं १९९८ मध्ये नव्याने केलेलं नॉनसच या कंपनीचं रेकॉर्डिंग, ७३ मिनिटांचं. यात ‘ऑर्गॅनिक’ आणि ‘रिसोर्स’ हे एलपीवर नसलेले दोन तुकडे आहेत आणि ‘द ग्रिड’सारखे कापलेले तुकडे लांबीला वाढले आहेत. तिसरं २००९ मध्ये ग्लासच्याच ऑरेंज माउंटन म्युझिकने काढलेलं, मूळ सिनेमाचं पूर्ण ध्वनिमुद्रण. त्यात सिनेमातले बाकीचे आवाजही आहेत.

तिसरं मी लवकरच बाजूला ठेवलं. ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून त्याची किंमत मोठी आहे, पण मला जे करायचंय त्याच्या ते नेमकं आड येतं. बाकीचे आवाज आले की डोळ्यांपुढे चित्र उभं राहतंच. चित्राशिवाय ऐकायचं तर निव्वळ संगीत हवं.

उरली दोन, आणि त्यांच्यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते क्रमाने. १९९८चं रेकॉर्डिंग बरंचसं सिनेमाच्या क्रमाने जातं: ‘क्लाउडस्केप’ आधी, ‘व्हेसल्स’ बऱ्याच नंतर. एलपीवर मात्र सुरुवातीच्या खर्जानंतर थेट ‘व्हेसल्स’ येतं, म्हणजे एका खोल पुरुषी आवाजानंतर लगेच मोकळा कोरस. त्यामागून ब्रासचं ‘क्लाउडस्केप’. सिनेमात वाळवंट, ढग, समुद्र, खाणी असा प्रवास आहे. एलपीवर एक आवाज, अनेक आवाज, मग वाद्यं अशी चढण लागते. ही रचना फक्त कानासाठी केलेली वाटते. एलपीच्या मर्यादेत बसवायचं म्हणून कापाकापी झाली हे खरंच, पण क्रमाने जे साधलंय त्यामुळे मी ४६ मिनिटांच्या आवृत्तीला स्वतंत्र कृती मानते.

खर्ज आणि ऑर्गन

शीर्षकतुकडा जेमतेम साडेतीन मिनिटांचा. ऑर्गनवर संथ, त्याच त्या स्वरांवर परतणारी बेसची ओळ. पाश्चात्त्य संगीतात या बांधणीला पॅसाकालिया म्हणतात आणि ती बाखच्याही आधीपासून चालत आलेली आहे. त्यावर अल्बर्ट डी रायटर या बास गायकाच्या आवाजात एकच शब्द, सिनेमाचं नाव.

सिनेमात इथे कातळावरची प्राचीन चित्रं आणि मग रॉकेटच्या ज्वाळा दिसतात, त्यामुळे हा आवाज पुरातन, कुठल्या तरी गुहेतून आल्यासारखा वाटतो. नुसतं ऐकताना तो अर्थ हळूहळू गळून पडला. मग कानाला त्या आवाजाचा पोत लागला. मंद्राच्याही खाली गेल्यावर स्वर जवळजवळ कंपनांत मोडतो, एकेक कंपन सुटं ऐकू येतं. ‘स’ आणि ‘त्सी’ या अक्षरांची घासणी ऑर्गनच्या घोळदार आवाजात वेगळी उठून दिसते. ज्यांनी पहाटे तंबोऱ्यावर खर्जाचा रियाज केलाय किंवा घरात ऐकलाय, त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. इथे साधे इअरफोन चालत नाहीत. खालचे सूर नीट देणारे हेडफोन किंवा मोठे स्पीकर नसतील तर हा तुकडा अर्धाच ऐकल्यासारखा होतो.

आवर्तन आणि बढत

इथे थोडं आपल्याकडच्या कानाबद्दल. ख्याल ऐकत मोठं झालेल्या माणसाला ग्लास ऐकताना पहिली अडचण येते ती बढतीची, म्हणजे राग हळूहळू फुलवत नेण्याची. आपण आवर्तन ऐकतो ते या वेळी समेवर कसं यायचं हे पाहायला. प्रत्येक आवर्तनात काहीतरी नवं व्हायलाच हवं. ग्लासकडे तोच घास, म्हणजे स्वरांचा तोच छोटा तुकडा, आठ वेळा, बारा वेळा, जसाच्या तसा येतो आणि मग त्यात एखादाच स्वर वाढतो किंवा खालचा बेस सरकतो. पहिल्या चार वेळांत आपण वाट पाहतो, पाचव्याला वैतागतो.

मग लक्षात येतं की घास तोच असला तरी आपण त्यातलं वेगळं काही ऐकायला लागलोय. जलद आर्पेजिओत, म्हणजे एका कॉर्डचे स्वर एकामागून एक वाजतात तेव्हा, वरचे स्वर एकमेकांना जोडले जाऊन एक चाल तयार होते, जी कोणीही वेगळी वाजवत नसतं. थोड्या वेळाने मधल्या स्वरांची दुसरीच चाल पुढे येते. बढत वाजवणाऱ्याकडे नसते, ती ऐकणाऱ्याच्या कानात घडते. सिनेमा सुरू असताना मला हे कधीच जाणवलं नव्हतं, कारण पुनरावृत्ती सुरू झाली की डोळे चित्रातलं नवं शोधायला निघून जातात.

तालाशी ग्लासचं नातं आहे, आणि ते त्याने स्वतः सांगितलेलं आहे. १९६५च्या सुमाराला तो पॅरिसमध्ये नादिया बुलांजे या संगीतशिक्षिकेकडे शिकत होता. तेव्हा ‘चापाक्वा’ या सिनेमासाठी रवि शंकरांचं संगीत पाश्चात्त्य वादकांना वाजवता येईल असं लिहून काढायचं काम त्याच्याकडे आलं. स्वरलेखनात त्याने मात्रांना रेघा मारून तुकडे पाडले की जोर चुकीच्या जागी पडायचा. उस्ताद अल्लारखांनी त्याला पुन्हा पुन्हा एकच बजावलं की सगळे स्वर सारखे आहेत. रेघा पुसल्यावर त्याला दोन-तीन मात्रांच्या गटांतून उभं राहणारं मोठं चक्र दिसलं. झपताल दोन-तीन-दोन-तीन हाताने धरणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, पण ग्लासच्या पुढच्या सगळ्या लिखाणाची पायाभरणी तिथे झाली.

तरी ही तुलना मी फार ताणत नाही. ‘कोयानिस्कात्सी’पर्यंत येता येता ग्लास मात्रांच्या बेरजेपेक्षा स्वरसंवादांच्या, म्हणजे कॉर्ड्सच्या, बदलावर जास्त भर द्यायला लागला होता. शिवाय इथे सम नाही, तिहाई नाही. घास किती वेळा वाजणार हे आधी लिहिलेलं असतं. टाळी धरून बसलं तर थोड्या वेळाने हात नुसता हवेत राहतो.

‘व्हेसल्स’

माझा सध्याचा सगळ्यात आवडता तुकडा. सुरुवातीला वाद्य नाही, फक्त आवाज, आणि त्यांना शब्दही नाहीत. सिनेमात इथे उष्णतेने थरथरणाऱ्या हवेतून एक जंबो जेट आपल्या दिशेने हळूहळू सरकत येतं, आणि ते दृश्य इतकं जबरदस्त आहे की कोरस त्याचं पार्श्वसंगीत होऊन बसतो.

चित्र काढून घेतलं की माणसं ऐकू येतात. वेस्टर्न विंड या गायकवृंदाचे हे आवाज आहेत. इतके जलद, सारखे स्वर गळ्यातून काढायचे तर श्वास कुठे घ्यायचा? मी एक अख्खी बैठक फक्त श्वास शोधण्यात घालवली. ओळ कुठे तुटत नाही, पण नीट कान दिला की एका बाजूचा आवाज क्षणभर पातळ होतो आणि दुसरी बाजू त्याला सांभाळून घेते. यंत्रासारखं भासणारं हे संगीत माणसांच्या फुफ्फुसांवर चाललेलं आहे. नंतर वाद्यं येतात तेव्हा हे नातं उलटतं. वाद्यांना श्वासाची चिंता नसते आणि त्यांच्यासमोर कोरस एकदम हळवा वाटायला लागतो. १९८३च्या रेकॉर्डिंगमध्ये हे जास्त उघड आहे. १९९८मध्ये सगळं अधिक गुळगुळीत, अधिक मोठं, आणि मला वाटतं थोडं दूर गेलेलं.

‘द ग्रिड’: अजून काम चालू आहे

एलपीवर सुमारे १५ मिनिटं, १९९८मध्ये सुमारे २१. या एका तुकड्यासाठी मी लांब आवृत्तीकडे वळते. असल्या संगीतात कात्री लावली की प्रक्रियाच लंगडते. बदल व्हायच्या आधीचा कंटाळाही मोजून ठेवलेला असतो.

सुरुवातीला ब्रासचे लांबलचक, स्थिर स्वर. मग कीबोर्ड सुरू होतात आणि त्यावर थर चढत जातात. सिनेमात हे शहराचं प्रकरण आहे: गाड्या, सरकते जिने, कारखान्यातले पट्टे, सगळं टाइमलॅप्सने कैक पट वेगवान केलेलं. पाहणारा प्रत्येक जण सांगतो की संगीत वेगाने वाढत वाढत वेडं होतं.

मी गुडघ्यावर हाताने ठोका धरून ऐकलं. कीबोर्ड लागल्यापासूनच्या एकेका सलग खंडात माझ्या हाताला घाई करावी लागली नाही. ठोका जवळपास तोच राहतो, त्याच्या पोटात मावणारे स्वर वाढतात. तबलजी लय न सोडता दुगुन-चौगुन करतो तेव्हा ऐकणाऱ्याला वेग चढल्याचा जो भास होतो, तसंच काहीसं. त्यात वरून कोरस आणि सॅक्सोफोन आले की आवाजाची जाडी वाढते आणि जाडीलाही आपण वेगच समजतो. गाड्यांची धाव डोळ्यांनी दिली होती आणि श्रेय कानांनी घेतलं होतं.

चित्राशिवाय या तुकड्यात मला उन्माद कमी आणि कडक शिस्त जास्त ऐकू येते. खंड बदलतात ते सांधे आता ओळखू येऊ लागलेत. वहीत प्रत्येक सांध्यापाशी काय वाढलं, काय गळलं एवढंच लिहिते. दुसऱ्या अर्ध्यात मात्र अजून वाट चुकते. तिथे थर इतके दाट आहेत की एकावर लक्ष ठेवलं की दुसरा कधी निघून गेला ते कळत नाही.

आवाजाबद्दल एक सूचना: हा तुकडा हळू लावू नका. फिलिप ग्लास एन्सेम्बल हा सुरुवातीपासून ध्वनिवर्धकावर वाजणारा वाद्यवृंद आहे, आणि त्यांचा त्या काळातला ध्वनिसंयोजक कुर्ट मुन्काची हा वादकांइतकाच संचाचा भाग मानला जायचा. खोली भरेल इतका आवाज हा या रचनेतच धरलेला आहे.

बाकीचं थोडक्यात

‘प्रुइट आयगो’ हे सेंट लुइसच्या एका सरकारी गृहसंकुलाचं नाव. मिनोरू यामासाकीने आखलेल्या ११ मजली ३३ इमारती १९५०च्या दशकात उभ्या राहिल्या आणि १९७२ पासून पाडल्या गेल्या. हा एकच तुकडा चित्राशिवाय मला अपुरा वाटतो. संथ, जड सुरुवात सुंदर आहे, पण कोरसचा तो दणका कोसळणाऱ्या भिंतीची वाट पाहत राहतो. कदाचित त्यामुळेच तो दुसऱ्या चित्रांना सहज चिकटतो. २००९च्या ‘वॉचमेन’ या सिनेमात हा आणि ‘प्रॉफेसीज’ दोन्ही वापरलेत. ‘वॉचमेन’ आधी पाहिलेल्या एका मित्राला ‘प्रॉफेसीज’ ऐकताना त्या सिनेमातला मंगळ ग्रहच दिसतो. त्याला दोन सिनेमे पुसावे लागणार आहेत.

‘प्रॉफेसीज’मध्ये होपी या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या भविष्यवाण्या गायल्या आहेत. त्यांचा अर्थ सिनेमा अगदी शेवटी पडद्यावर देतो. मी सध्या तो बाजूला ठेवून फक्त उच्चार ऐकतेय. एवढंच सांगते की शेवटाकडे सुरुवातीचा खर्ज परत येतो, तेव्हा आधीच्या सगळ्या आर्पेजिओंनंतर तो कितीतरी जास्त संथ वाटतो.

हे संगीत एकटं उभं राहतं याचं एक कारण ते बनलं कसं यात आहे. ग्लासने आधी आपण सिनेमासाठी लिहीत नाही म्हणून नकार दिला होता. रेजिओने त्याच्याच जुन्या संगीतावर चित्रं बसवून दाखवली तेव्हा तो तयार झाला. पुढे काही ठिकाणी चित्रं संगीताप्रमाणे पुन्हा कापली गेली. इतर सिनेमांत संगीतकाराला सेकंदांचा हिशोब देऊन बसवतात, इथे बऱ्याचदा संकलकाने संगीताचा हिशोब सांभाळला.

पुढचं

‘द ग्रिड’चा दुसरा अर्धा भाग दोन्ही रेकॉर्डिंगांत शेजारी शेजारी लावून सांधे जुळवायचे आहेत. मग ‘मिशिमा’ (१९८५) घेणार. त्या सिनेमाच्या संगीतातून ग्लासने तिसरं स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) काढलं, म्हणजे चित्रापासून वेगळं करायचं काम संगीतकाराने स्वतःच करून ठेवलंय. क्रोनोस क्वार्टेटचं रेकॉर्डिंग मिळवून ठेवलंय. तो सिनेमा मी पाहिलेला नाही, आणि क्वार्टेट पुरतं कानात बसेपर्यंत पाहणारही नाही.