गुडघ्यापर्यंत गार

मे महिना सरत आला की आमच्याकडे कौलं चाळायची घाई सुरू होते. वर्षभर कुणी हात न लावलेल्या कौलांखाली, वाशांच्या खाचांत, पडवीतल्या लाकडांच्या ढिगात लाल विंचू बसलेले असतात. सकाळी कुणाचा अंगठा, संध्याकाळी कुणाची टाच असं करत पाऊस लागेपर्यंत विंचवाचे पेशंट येतच राहतात. रायगड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी परिचारिका आहे. लोक घाबरतात ते मोठ्या काळ्या इंगळीला, आणि जीव घेतो तो मात्र हा बोटाएवढा लालसर विंचू.

त्या रात्री नऊच्या सुमारास मिनीडोरमधून सहा वर्षांच्या एका मुलाला आणलं. संध्याकाळी बाप छपरावर, आणि हा खाली कौलं झेलायला. तिथेच उजव्या हाताच्या तर्जनीला विंचू डसला. आधी शेजारच्या वाडीतल्या भगताकडे नेलं होतं. बाप आल्या आल्या म्हणाला, "भगतानं उतरवलाय, सिस्टर. दुखायचं थांबलंय. पण ओकायचं काय थांबत नाय."

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. विंचू चावून जो माणूस बोट धरून बोंबलतो, त्याचं विष बहुधा बोटापुरतंच राहतं. ठणका रात्रभर छळतो आणि दुसऱ्या दिवशी आपोआप उतरतो. भगताचं नाव होतं ते या पेशंटांमुळे. विष अंगभर भिनलं की दंशाच्या जागचं दुखणं फारसं जाणवत नाही. हा मुलगा गप्प होता. शर्ट घामाने पिळून काढण्याइतका ओला, तोंडातून लाळ, डोळे अर्धवट मिटलेले. मी पाय हातात घेतले. बोटं गार, पाऊल गार, पोटऱ्या गार. गुडघ्याच्या खाली दोन बोटांवर कुठे जराशी ऊब लागली. बाहेर इतका उकाडा, की माझ्याच पाठीवरून घामाच्या धारा चालल्या होत्या.

आमचे डॉक्टर तरुण, सरकारी सेवेच्या बाँडवर आलेले, पण हुशार. त्यांनी लहान मुलांचा पट्टा बांधून बीपी घेतलं तर १५० आणि ११०. या वयाला शंभराच्या आतबाहेर असायला हवं. नाडी दीडशेच्या घरात.

आमच्याकडे ट्रेनिंगला येणाऱ्या मुलींना वाटतं, विंचवाचं विष हृदयात जाऊन बसतं. खरं तर ते मज्जातंतूंच्या टोकांवर काम करतं. तिथे सोडियम आत यायची वाट एरवी क्षणात उघडते आणि क्षणात मिटते. विषामुळे ती मिटेनाशी होते, आणि मज्जातंतू संदेश सोडतच सुटतात. आधी ओकाऱ्या, घाम, लाळ. मागोमाग अ‍ॅड्रिनलीन आणि नॉरअ‍ॅड्रिनलीनचा लोंढा. ही दोन्ही रसायनं मुलाच्याच अंगातली. एरवी कुत्रं मागे लागलं की तीच त्याला पळायला बळ देतात.

बारीक धमन्यांच्या भिंतीत स्नायूंचा एक थर असतो. हातापायांच्या स्नायूंसारखा तो आपल्या हुकमातला नसतो, या रसायनांच्या हुकमात असतो. लोंढा आला की तो आवळतो, आणि हातापायांच्या कातडीकडे जाणारं रक्त आटतं. म्हणून पाय गार. पण हृदय त्याच रसायनांच्या चाबकाखाली दुप्पट जोराने हाणत असतं. विहिरीवरची मोटर पूर्ण जोरात चालू ठेवून कुणी पुढे पाइप मुरगळून धरावा, तशी गत. सतरा किलोच्या मुलाच्या अंगात रक्त असतं सव्वा लिटरच्या आसपास. ते पुढे सरकेना, की हृदयाच्या डाव्या कप्प्यामागे, म्हणजे फुप्फुसात, तुंबायला लागतं. रक्तातलं पाणी झिरपून हवेच्या पिशव्यांत उतरतं. मग खोकल्याबरोबर गुलाबी फेस. मी नोकरीला लागले त्या काळात तो फेस पाहिलाय, पुन्हा बघायची इच्छा नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा, एका फिजिशियन मॅडमच्या व्याख्यानात कळली. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःचं रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. आकुंचन चालू असताना भिंतीतल्या रक्तवाहिन्या त्या भिंतीतच चेपल्या जातात. ठोके दीडशेवर गेले, की काटछाट होते ती या विसाव्याची. म्हणजे काम सगळ्यात जास्त तेव्हाच घास सगळ्यात कमी. म्हणूनच पूर्वी विंचवावर सर्रास देत असलेलं अ‍ॅट्रोपीन आता देत नाहीत. ते नाडी आणखी वाढवतं.

यावरचा उतारा आमच्याच जिल्ह्यात सापडला, याचा आम्हाला जरा जास्तच अभिमान आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचवाने माणसं मरतात ती हृदय आणि फुप्फुसाने, हे त्यांनी खाटेशेजारी बसून नोंदवलं. १९८२ मध्ये ती निरीक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि १९८६ मध्ये प्राझोसिनचा अनुभव. ही साधी रक्तदाबाची गोळी. धमन्यांच्या स्नायूला जिथून हुकूम मिळतो तीच जागा ती अडवते. स्नायू सैलावतो, वाट मोकळी होते. पूर्वी गंभीर विंचूदंशाचे शंभरातले तीसएक दगावायचे, ते प्रमाण एक-दोनावर आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या वॉर्डात पेढे वाटले होते.

किलोला ३० मायक्रोग्रॅम. सतरा किलोला एक मिलिग्रॅमची अर्धी गोळी. सावकाश विरघळणारी गोळी इथे चालत नाही, आणि दुकानात नेमकी तीच मिळते; साध्या गोळ्यांची पट्टी मी औषधाच्या कपाटात वेगळ्या डबीत ठेवते. अर्धी गोळी कुटली, पाण्यात कालवली, ओकारी चालू म्हणून नाकातल्या नळीने दिली. सलाईन बेताचंच, ऑक्सिजन नाकाशी. १०८ ला फोन करून गाडी दारात उभी करून ठेवली, कारण व्हेंटिलेटर दोन तासांवर. फ्रिजमध्ये विंचवावरच्या प्रतिविषाच्या कुपी होत्या, त्याही डॉक्टरांनी शिरेतून सावकाश दिल्या. महाडलाच ७० पेशंटांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये छापून आला होता: नुसत्या प्राझोसिनवर बरं व्हायला सरासरी १८ तासांच्या आसपास, जोडीला प्रतिविष दिलं तर ८.

सगळ्यात अवघड काम आईला आवरायचं. गोळी पोटात गेल्यावर मुलाला उचलायचं नाही, मांडीवर घ्यायचं नाही. धमन्या एकदम सैल पडतात, उभं धरलं तर रक्त पायात उतरून बीपी कोसळतं. तिचे हात सारखे पुढे येत होते. शेवटी मी तिला म्हटलं, "ताई, तू त्याच्या डोक्याशी बस आणि कपाळावर हात ठेव. तेवढाच ठेव."

मॉनिटर होता, पण थरथरत्या बोटावर त्याची क्लिप टिकेना. मी आपली जुनी पद्धत धरली. जिथे गार संपून ऊब लागते तिथे बॉलपेनने पायावर आडवी रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची. पहिली रेघ गुडघ्याखाली, ९.२०. साडेदहाची रेघ तिथेच. त्याच सुमारास डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि मलाही ऐकायला दिला. श्वास घेताना खाली दोन्ही बाजूंना बारीक चरचर येत होती. फुप्फुसात पाणी उतरायला लागलं होतं. डॉक्टर काही बोलले नाहीत, फाटकाशी जाऊन ड्रायव्हरला जागं राहायला सांगून आले.

साडेअकराला रेघ पोटरीच्या मध्यावर आली. बीपी १२० आणि ९०. सव्वाबाराला दुसरी अर्धी गोळी. दीड वाजता घोट्याच्या वर. चरचर कमी झाली, घाम सुकला. त्याने पाणी मागितलं, आम्ही ओआरएस चमच्याने पाजलं. डॉक्टर आता मॉनिटरपेक्षा पायावरच्या रेघाच बघत होते, आणि तीनची रेघ त्यांनी स्वतः मारली.

पहाटे पाचला पावलं कोमट आणि कोरडी. नाडी ११०. मी जरा टेकले होते, तेवढ्यात वॉर्डातून भोकाड ऐकू आलं. मुलगा बोट घट्ट धरून गळा काढून रडत होता. "माझं बोट! माझं बोट!" सगळा वॉर्ड जागा. आजी माझ्याकडे तरातरा आली. "सिस्टर, रातभर पोरगं कसं गुमान निजलं व्हतं. तुमची दवा उलटी लागली बघा!"

विष उतरलं की दंशाची जागा पुन्हा ठणकायला लागते, हे मी तिला सांगितलं. तिला काही ते पटलं नाही. डॉक्टरांनी बोटाच्या मुळाशी बधिर करणारं लिग्नोकेन टोचलं, दहाएक मिनिटांत रडणं हुंदक्यांवर आलं. आजी बाहेर जाऊन मुलाच्या बापाला सांगत होती, भगताचे शंभर रुपये आणि नारळ द्यायचा राह्यलाय, तेवढा आजच देऊन टाक.